भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि त्यामागचा माणूस
औषधविक्रीतील जबाबदारी, गैरवर्तन आणि शिक्षा यांची ओळख

आपल्या समाजातील बरीच मुले-मुली हल्ली डी. फार्म. आणि बी. फार्म. करू लागली आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका, पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग कौन्सिलकडे नोंदणी, एवढे झाले की हाताला इज्जतीचे काम मिळते. दुसरीकडे, ज्यांच्यापाशी थोडे भांडवल आणि नाक्यावर एखादा गाळा आहे, असे व्यापारी बांधव मेडिकल टाकण्याचा विचार करतात. औषधाचा धंदा मंदीत बसत नाही, असा सर्वांचा समज आहे.

या दोघांची गाठ पडली की पुष्कळदा एक सौदा होतो. मुलगा आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर लावायला देतो. मालक त्याला दरमहा ठरावीक रक्कम देतो. मुलगा दुसरीकडे नोकरीला जातो आणि औषधे देण्याचे काम दहावी-बारावी झालेला एखादा पोरगा करतो. बाजारात याला ‘सर्टिफिकेट लावणे’ म्हणतात. हा सौदा इतका रूढ झाला आहे की त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

मी कापडाचा व्यापारी. औषधांच्या धंद्याशी माझा संबंध नाही. तरीही या विषयावर लिहायला बसलो, याचे कारण माझ्याच घरात घडले.

घरातील अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा डी. फार्म. झाला. शहरातील एका खाजगी इस्पितळाच्या औषध विभागात त्याला दरमहा बावीस हजारांची नोकरी लागली. त्याच सुमारास आमच्या गावातील एका मेडिकलवाल्याने त्याला प्रमाणपत्र मागितले. महिना चार हजार देऊ, कामावर यायची गरज नाही, असे ठरले. भाच्याने मला विचारले, “मामू, देऊ का?” मी म्हटले, “कागदच तर आहे, दे.” आमच्या धंद्यात गुमास्ता परवाना भिंतीवर टांगलेला असतो, तसेच हे काही असेल, असे मी समजलो. ती माझी चूक होती आणि ती मी इथे कबूल करतो.

चौदा महिन्यांनी एका दुपारी औषध निरीक्षक त्या दुकानात आले. गल्ल्यावर मालकाचा पुतण्या होता. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक गोळ्या दिल्याचे आढळले. ज्या औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते, त्यांच्या रजिस्टरात माझ्या भाच्याच्या नावाच्या सह्या होत्या, आणि त्यातली एकही त्याने केलेली नव्हती. दुकानाचा परवाना तीस दिवसांसाठी निलंबित झाला. मालकाने ते दिवस काढले आणि दुकान पुन्हा उघडले. भाच्याला वाटले, प्रकरण मिटले. कौन्सिलची पहिली नोटीस आली ती त्याने खणात टाकली. सुनावणीची तारीख देणारे दुसरे पत्र आले, तेव्हा तो ते घेऊन माझ्याकडे आला.

त्यानंतर आम्ही वकिलाकडे चकरा मारल्या आणि मला हा कायदा मुळापासून समजून घ्यावा लागला. तोच इथे सोप्या भाषेत मांडतो.

दोन कायदे, दोन हात

पूर्वी आपल्या देशात औषध कोणीही विकू शकत असे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांविषयी चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर पुढे दोन कायदे आले. एक १९४० चा औषधांविषयीचा कायदा, जो आज औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा म्हणून ओळखला जातो, आणि दुसरा १९४८ चा फार्मसी कायदा.

यातला फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण सगळी गफलत इथेच होते. पहिला कायदा मालाकडे आणि दुकानाकडे पाहतो. त्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन करते. दुकानाचा परवाना देणे, तपासणी करणे, परवाना निलंबित वा रद्द करणे हे त्याचे काम. दुसरा कायदा माणसाकडे पाहतो. त्याखाली दिल्लीत भारतीय फार्मसी कौन्सिल आणि आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल काम करते. राज्य कौन्सिल फार्मासिस्टांची नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत नाव असेल तोच कायद्याने फार्मासिस्ट. नाव निघाले की पदविका हातात असूनही तो औषध देऊ शकत नाही.

राज्य कौन्सिलवर नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून दिलेले सहा सदस्य असतात, राज्य सरकारने नेमलेले पाच असतात, डॉक्टरांच्या कौन्सिलचा एक प्रतिनिधी असतो आणि काही सरकारी अधिकारी पदसिद्ध असतात. औषध नियंत्रण खात्याचा प्रमुख अधिकारीही त्यात येतो. म्हणजे न्याय करणाऱ्यांत या पेशातीलच माणसे मोठ्या संख्येने आहेत.

सबब, एकाच चुकीबद्दल दोन हात पुढे येतात. एक दुकानाचा परवाना धरतो, दुसरा माणसाचे नाव धरतो. दुकानाची शिक्षा भोगून झाली म्हणजे माणसाची माफ झाली, असे होत नाही. माझ्या भाच्याची समजूत इथेच चुकली.

फार्मासिस्टकडून काय अपेक्षित आहे

१९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम प्रत्येक मेडिकलवाल्याने पाठ करावा असा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. फोनवरची देखरेख म्हणजे प्रत्यक्ष देखरेख नव्हे. अनुसूची एच मधील औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. चिठ्ठीत जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा माल देता येत नाही.

१ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधे होती. त्यांत वरच्या दर्जाची प्रतिजैविके, क्षयरोगावरची काही औषधे आणि सवय लावणाऱ्या गोळ्या आहेत. ही औषधे देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते.

हे नियम कागदी वाटत असतील तर आपल्या वस्त्यांकडे पाहावे. मालेगावात ज्याला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती काही आकाशातून पडत नाही. झोपेसाठी आणि मनाच्या आजारासाठी डॉक्टर जी अल्प्राझोलाम लिहून देतात, तीच ही गोळी. ती एच-१ मध्ये आहे. ती पोरांच्या हाती जाते तेव्हा कुठेतरी एखाद्या परवानाधारकाच्या हातून ती सुटलेली असते. रजिस्टर खोटे लिहिले गेलेले असते, किंवा लिहिलेलेच नसते. ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे, तो त्या वेळी दुकानात असता तर त्याने ती गोळी दिली असती का, हा विचार करावा.

गैरवर्तन कशाला म्हणतात

भारतीय फार्मसी कौन्सिलने जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे विनियम जाहीर केले. त्यात व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे. तिच्यातील मुख्य बाबी अशा :

१. स्वतः काम करण्याचा इरादा नसताना आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानाच्या मालकाला देणे.
२. स्वतःच्या मालकीच्या दुकानात फार्मासिस्टच्या गैरहजेरीत औषधे देऊ देणे.
३. औषधे दिल्याच्या नोंदी पाच वर्षे न ठेवणे, अथवा रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्या न देणे.
४. नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागी न लावणे.
५. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांना कमिशन देणे.
६. औषध कायद्याचा भंग करणे, किंवा न्यायालयाकडून गुन्ह्यात दोषी ठरणे.

पहिल्या क्रमांकाची बाब वाचून मी वकिलांना पुन्हा विचारले, हे खरोखर असे लिहिले आहे का. त्यांनी छापील पान दाखवले. ज्याला मी ‘कागदच तर आहे’ म्हटले होते, ते गैरवर्तनात मोडत होते.

नोकराच्या चुकीबद्दलही फार्मासिस्ट जबाबदार धरला जाऊ शकतो. मात्र तिथे कायदा न्याय्य आहे. नोकराने केलेल्या गैरकृत्याबद्दल फार्मासिस्टचे नाव काढण्यापूर्वी काही गोष्टी दिसाव्या लागतात. त्याने नोकराला फूस दिली किंवा डोळेझाक केली, मागील बारा महिन्यांत तसाच प्रकार त्याच्याकडून घडला होता, चालू असलेला प्रकार त्याला माहीत होता वा माहीत असायला हवा होता, किंवा औषध कायदा पाळला जावा म्हणून त्याने योग्य दक्षता घेतली नाही, यांपैकी काहीतरी पुढे आले पाहिजे. जो इमानदारीने दुकानात उभा राहतो, त्याला नोकराच्या एका चुकीसाठी आयुष्यातून उठवले जात नाही.

कारवाईच्या पायऱ्या

फार्मसी कायद्याचे ३६ वे कलम नाव काढण्याची रीत सांगते. ती पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी तक्रारीची. तक्रार रुग्ण करू शकतो, आणि औषध प्रशासनही आपला तपासणी अहवाल कौन्सिलकडे पाठवू शकते. २०१५ च्या विनियमांप्रमाणे तक्रारीचा निकाल सहा महिन्यांच्या आत लागला पाहिजे.

दुसरी पायरी सुनावणीची. कौन्सिलच्या कार्यकारी समितीने संबंधिताला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. तिच्याशिवाय नाव काढता येत नाही. म्हणून नोटीस आली की तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. नोटीस खणात टाकणे म्हणजे मिळालेली संधी आपल्या हाताने घालवणे.

तिसरी पायरी निर्णयाची. नाव तीन कारणांनी निघू शकते. नोंदणी चुकीने किंवा खोटी माहिती देऊन झाली असेल, संबंधिताला गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा त्याचे वर्तन पेशाला काळिमा लावणारे असेल, अथवा वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या नोकराकडून तसे घडले असेल. नाव कायमचे काढता येते किंवा ठरावीक वर्षांसाठी काढता येते.

चौथी पायरी मान्यतेची. समितीच्या आदेशाला राज्य कौन्सिलची मान्यता लागते. मान्यतेनंतर तीन महिने उलटल्यावरच तो लागू होतो.

पाचवी पायरी अपिलाची. मान्य झालेला आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते. तीस दिवस म्हणजे तीसच. सरकारचा निर्णय अंतिम मानला जातो.

त्यानंतर प्रमाणपत्र निबंधकाकडे परत करावे लागते आणि नाव सरकारी राजपत्रात छापले जाते. पण दरवाजा कायमचा बंद होत नाही. ३७ व्या कलमाखाली पुरेसे कारण दिसल्यास कौन्सिल शुल्क घेऊन नाव पुन्हा नोंदवू शकते. पूर्वी अपील फेटाळले गेले असेल तर त्यासाठी राज्य सरकारचीही मान्यता लागते.

इथे एक खुलासा करतो. नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर न भरल्यामुळेही नाव नोंदवहीतून निघते. ती गैरवर्तनाची शिक्षा नव्हे, पण परिणाम तोच होतो. म्हणून शुल्काची तारीख विसरू नये.

दुकानाच्या मालकाने काय समजावे

परवान्याबाबतची कारवाई ६६ व्या नियमाखाली होते. आधी कारणे दाखवा नोटीस येते, मग परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यावर तीन महिन्यांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते.

गल्ल्यावर बसणाऱ्या पोरालाही कायदा सोडत नाही. फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली, पण दंडाची मर्यादा दोन लाखांवर नेली. आपल्या पुतण्याला किंवा गावातून आणलेल्या गरीब मुलाला गल्ल्यावर बसवणाऱ्याने ही रक्कम लक्षात ठेवावी.

महाराष्ट्रात २०११ नंतर, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांविरुद्ध मोठी मोहीम झाली होती. औषधविक्रेत्यांनी तिच्याविरोधात बंदही पुकारले. त्यांची अडचण अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. लहान दुकानाला पूर्ण पगार परवडत नाही, हे व्यापारी म्हणून मला कळते. पण ज्याला पगार परवडत नाही त्याने तो धंदा करू नये, किंवा स्वतःच्या मुलाला शिकवून फार्मासिस्ट करावे. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका प्रकरणात बनावट फार्मासिस्ट आणि फार्मासिस्टविना चालणारे दवाखाने हा लोकांच्या आरोग्याशी खेळ असल्याचे बजावले आणि पाटणा उच्च न्यायालयाला ते प्रकरण पुन्हा ऐकण्यास सांगितले. म्हणजे वाऱ्याची दिशा कोणती आहे, हे समजून घ्यावे.

हिशेब

आता भाच्याचे काय झाले ते सांगतो. सुनावणीत त्याने खोटे न बोलता सर्व कबूल केले. तसाच सल्ला मी दिला होता. त्याचे नाव एका वर्षासाठी काढण्याचा आदेश झाला. सगळे कागद विरुद्ध होते, म्हणून वकिलांनी अपिलाचा आग्रह धरला नाही. आदेश लागू होताच इस्पितळाने त्याला मोकळे केले. त्यांचाही इलाज नव्हता, कारण नाव नोंदवहीत नसलेल्या माणसाला ते औषध विभागात ठेवू शकत नव्हते.

व्यापाऱ्याच्या सवयीने मी हिशेब मांडला. चौदा महिन्यांचे चार हजारप्रमाणे आलेले छप्पन्न हजार. गेलेला एका वर्षाचा पगार दोन लाख चौसष्ट हजार. वकिलाची फी आणि प्रवास वेगळा. नाव राजपत्रात छापून आले, त्याची किंमत कोणत्या खात्यात लिहावी ते मला कळले नाही. मेडिकलवाल्याने मात्र दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलाचे प्रमाणपत्र लावले. भाचा सध्या माझ्या दुकानात थान उघडून दाखवतो, मीटर धरतो. मुदत संपताच तो पुन्हा नोंदणीसाठी अर्ज करणार आहे.

कापडात चूक झाली तर गिऱ्हाईक थान परत आणते, मी बदलून देतो, बात संपते. पोटात गेलेली गोळी परत येत नाही. म्हणूनच मालाच्या परवान्यावर न थांबता कायद्याने माणसाचीही नोंद ठेवली आहे.

आपल्या बुजुर्गांना ही गोष्ट माहीत होती. इस्लामी राजवटीत बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब असे. बाराव्या शतकात शाम देशातील शैझरी यांनी मुहतसिबांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात सरबतवाले, अत्तार आणि औषधविक्रेते यांच्या भेसळीवर वेगळी प्रकरणे आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला आणि विक्रेत्याला जाब विचारला, ती हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. भिंतीवर प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच माणूस, हीसुद्धा वरून कोरडी आणि आतून ओली रासच आहे.

शेवटी थोडक्यात

तरुण फार्मासिस्टांनी प्रमाणपत्र फक्त तिथेच लावावे जिथे ते स्वतः काम करतात. नोकरी सोडली तर मालकावर विसंबून न राहता औषध प्रशासनाला स्वतः लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी. ज्यांनी आजवर प्रमाणपत्र भाड्याने दिले आहे, त्यांनी ते आजच परत आणावे.

दुकानदारांनी फार्मासिस्ट बदलल्यास एका महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला कळवावे. माल परवानाधारकाकडूनच घ्यावा आणि प्रत्येक खरेदीचे बिल जपावे. माल खराब निघाला तर तेच बिल आपल्या बाजूने बोलते.

ग्राहकांनी औषध घेताना पक्के बिल मागावे आणि एकदा विचारावे, फार्मासिस्ट कोण आहे? हा प्रश्न विचारण्यात बेअदबी नाही.

आणि मुलांच्या वडिलांना, चाचा-मामूंना एक विनंती. मुलगा असा कागद घेऊन विचारायला आला, तर माझ्यासारखे न वाचता उत्तर देऊ नका. नोंदणी ही अमानत आहे, आणि अमानत भाड्याने देता येत नाही.